बसायचा दिवस

कुठल्याही घराचं काम घेतलं की पहिला दिवस मी नुसती बसते. टेप नाही, कॅटलॉग नाही, लॅपटॉप तर नाहीच. एक वही, एक पेन आणि माझा डबा. सकाळी दूधवाल्याच्या वेळेला जायचं, कोपरा धरायचा आणि दिवेलागणीला उठायचं. घरच्यांना अट एकच, रोज जे करता तेच करा, माझ्यासाठी काही आवरू नका. गिऱ्हाइकं हसतात. मीरा रोडच्या एका शेठने तर माझ्या सुताराला, दशरथ मिस्त्रीला, बाजूला घेऊन विचारलं होतं, मॅडम की तबियत ठीक है ना? दशरथ वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. तो म्हणाला, ठीक है शेठ, अभी देख रही है, बाद में चिल्लायेगी.

चिल्लाते मी, खोटं कशाला बोलू. माझे वडील भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते, आणि मशीनच्या आवाजात बोलून बोलून आमच्या घरात सगळ्यांचाच आवाज चढा. एका खोलीत आम्ही पाच जण. त्या खोलीत माझ्या आईने पलंगाखाली, दारामागे, माळ्यावर जे काय काय बसवलं होतं ते बघूनच मी हा धंदा शिकले. डिप्लोमा नंतर केला. त्यात मला रंगांची नावं कळली.

बसायची खोड मला हंसाबेनमुळे लागली. भाईंदर पश्चिमेला माझं पहिलं स्वतंत्र काम त्यांचं. मी विचारलं, किचन कसं हवं? त्या म्हणाल्या, जावेकडे आहे तसं. मी जावेकडे गेले, बघितलं आणि त्याहून भारी करून दिलं. सहा महिन्यांनी सहज डोकावले, तर बाई गॅलरीत जमिनीवर शेगडी मांडून, मांडी घालून खाकरे लाटत होत्या. आत माझा ग्रॅनाइटचा ओटा कोरा करकरीत. उभ्याने लाटणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोकांना विचारलं की ते दुसऱ्याचं घर सांगतात. त्यामुळे मी विचारणं कमी केलं आणि बघायला लागले.

आणि बघण्यात माझा हात कोणी धरणार नाही, अशी माझी खात्री होती. किल्ल्या कुठे पडतात, सासू कुठल्या खुर्चीत बसत नाही, पोरगं अभ्यासाला बसतं ते खरं कुठे, सगळं मला एका दिवसात कळायचं. याचा मला गर्व होता. उगाच नाही, चांगला दणदणीत गर्व होता.

गेल्या वर्षी नॅथनचा फोन आला. मुलगा कॅनडात नोकरीला, आईवडील इथे उत्तनपलीकडे चौक गावात. समुद्राच्या बाजूचं जुनं बैठं घर. त्याला ते नवं करून द्यायचं होतं, डिसेंबरला तो आणि त्याची बायको कॅरेन नाताळला येणार होते. व्हिडिओ कॉलवर त्याने मला फोटो दाखवले, आणि सगळ्या फोटोंत एकच गोष्ट होती. भिंतभर काच आणि तिच्यापलीकडे समुद्र. त्याच्या वडिलांच्या घराला समुद्राकडे एक खिडकी होती, बुटकी, जमिनीपासून वीतभर उंचीवर सुरू होणारी, आडव्या लोखंडी गजांची. नॅथन म्हणाला, दीदी, एवढा समुद्र समोर आहे आणि आम्ही आयुष्यभर तो गजांतून बघितला.

मला पटलं. कोणालाही पटलं असतं.

बसायला गेले ते रविवारी. त्या महिन्यात माझी सहा कामं चालू होती आणि सोमवार ते शनिवार मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. म्हटलं, रविवार तर रविवार. भाईंदर स्टेशनवरून बस पकडून चौकला पोचले, तेव्हा डॉमनिक अंकल आणि मॉली आंटी चर्चमधून येतच होते. अंकल सत्तरीचे, काटक, पांढऱ्या शर्टात, बोलायला कमी. आयुष्य होडीवर गेलं होतं, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर होडी विकली होती. आंटी सुकी मासळी विकायला आठवड्यातून दोनदा भाईंदरच्या बाजारात येतात, त्यामुळे त्यांची जीभ माझ्यासारखीच चालणारी. मला बघून म्हणाल्या, "तू जेवायची हायस, डबा तुझा कुत्र्याला घाल."

घर लखलखीत होतं. कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, दुपारी आंटीची बहीण येऊन गेली, मग पत्त्यांचा डाव झाला. अंकल जेवून खिडकीपाशी जाऊन बसले. खुर्ची रिकामी होती तरी जमिनीवर बसले, पाय पसरून, तोंड खिडकीकडे. तासभर तिथेच. मी वहीत लिहिलं, डॉमनिक, खिडकीशी बसतो, समुद्र आवडतो. खाली दोन रेघा मारल्या. अंदाज पक्का झाला म्हणजे मी दोन रेघा मारते.

काम सुरू झालं तसे दोघं आंटीच्या बहिणीकडे राहायला गेले. नॅथन रोज कॉल करायचा, मी रोज दाखवायचे. खिडकी फोडायची त्या दिवशी अंकल आले. दशरथची माणसं गज कापत होती, ठिणग्या उडत होत्या. अंकल जरा लांब उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, हे सगळेच काढणार का? मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, अंकल, आता समुद्र पूर्ण दिसेल. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हाय. दिसंल." आणि गेले. गज त्याच संध्याकाळी भंगारवाल्याने टेम्पोत घातले.

घर देखणं झालं, त्यात वाद नाही. मला फॉल्स सीलिंगचा मनापासून राग आहे, ते तिथे घातलं नाही. जुनी लाकडी आढी घासून तशीच ठेवली, देव्हारा, म्हणजे त्यांचा आल्तार, होता त्याच भिंतीवर ठेवला. आणि समुद्राच्या बाजूला आठ फुटी सरकती काच. फादर येऊन घराला आशीर्वाद देऊन गेले. नॅथन स्क्रीनवर रडला. मी फोटो इन्स्टाग्रामवर टाकले, त्यावरून दोन नवी कामं आली. दशरथ म्हणाला, मॅडम, ये वाला अपना सबसे बढ़िया काम है. मी पण तेच म्हणत होते, मनातल्या मनात.

दीड महिन्याने मॉली आंटी माझ्या ऑफिसात आल्या. ऑफिस म्हणजे भाईंदर पश्चिमेला बाजारामागचा एक गाळा. टोपली बाहेर ठेवली, आत आल्या आणि पाणीसुद्धा न मागता खुर्चीत बसल्या. मला वाटलं, ड्रॉवर अडकत असेल. दमट हवेत लाकूड फुगतं, मी मनात दशरथला शिव्याही घालून ठेवल्या.

आंटी म्हणाल्या, ड्रॉवर छान चालतात. डॉमनिक चालत नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं. होडी विकल्यापासून अंकल घरी बसून गावातल्या होडीवाल्यांची जाळी दुरुस्त करत. पंधरा वर्षं. फाटलेलं जाळं यायचं, अंकल जमिनीवर पाय पसरून बसायचे, जाळ्याचं एक टोक खिडकीच्या खालून तिसऱ्या गजाला बांधायचे, दुसरीकडून पायाच्या अंगठ्यात धरून ताणायचे आणि लाकडी सुईने भोकं भरत जायचे. जाळं ताणलेलं नसलं तर गाठ बसत नाही. सकाळी सातपासून दुपारपर्यंत, पोरं येऊन बसायची, होडीवाले यायचे, कुठे काय लागलं, कोणाचं इंजिन बिघडलं, सगळ्या गावाची खबर त्या खिडकीशी यायची. आता ती खिडकीच नव्हती. अंकलनी जाळं सोफ्याच्या पायाला बांधून बघितलं, सोफाच त्यांच्याकडे चालत आला. काचेच्या मुठीला बांधलं, तर दार सरकलं. हे सांगताना आंटींना हसू आलं, आणि हसता हसताच डोळे पुसायला लागल्या. बाहेर ओटीवर बसून बघितलं, पण उन्हात डोळ्यांना काही दिसेना. शेवटी त्यांनी सगळी जाळी ज्याची त्याला परत केली. आता सकाळी उठून बस स्टॉपच्या शेडमध्ये जाऊन बसतात ते जेवायला घरी येतात. घरात पाहुण्यासारखे वागतात, सोफ्याच्या कडेला टेकतात.

आणि गेल्या रविवारी त्यांनी नॅथनला सांगितलं होतं, आम्ही कॅनडाला येतो. इतकी वर्षं पोरगा विनवत होता तेव्हा हा माणूस ऐकत नव्हता. नॅथनला आनंदाने काय करू नि काय नको झालं, तो कागद भरायला लागलाय. घराला भाडेकरू बघ म्हणतोय.

"मला न्हाय जायाचं बाय," आंटी म्हणाल्या. "माझा बाजार हितं हाय, माझी मेलेली मानसं हितं पुरलीत. पण त्यो जानार तर मी एकली काय करू?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पहिल्यांदा अंकलवर. अरे, तोंड दिलंय ना देवाने? मग नॅथनवर, समुद्र समुद्र करत होता म्हणून. मी आंटींना जवळजवळ ओरडूनच विचारलं, मी अख्खा दिवस तुमच्या घरात बसले होते, मला एक धागा दिसला नाही, हे काम ते करायचे कधी?

आंटी म्हणाल्या, रोज. रविवार सोडून.

मी कपाळावर हात मारला. इथेच वाढले मी, उत्तनची माणसं रविवारी कामाला हात लावत नाहीत हे मला शेंबड्या वयापासून माहीत. शनिवारी संध्याकाळी जाळी गुंडाळून पडवीच्या मागे जातात, घर झाडून पुसून लख्ख होतं, आणि मी त्या एका दिवशी जाऊन बसले जेव्हा घर स्वतःसारखं नसतं. ज्या माणसाने अख्खा जन्म समुद्रात काढला त्याला मी समुद्र दाखवायला निघाले होते. तो खिडकीशी बसायचा कारण त्याची ती बसायची जागा होती. माझ्या त्या दोन रेघा मला वहीत काढून बघवेनात. लाज वाटली, सरळ लाज.

सोमवारी सकाळी मी चौकला गेले. दोन साइट्सवर माणसं माझी वाट बघत होती, त्यांना म्हटलं, आज तुमचं तुम्ही बघा. बसमधून उतरले तर अंकल शेडमध्येच होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर. मी शेजारी बसले. त्यांनी विचारलं, काय काम काढलंस? मी म्हणाले, चूक काढलीय, माझी. मग विचारलं, का नाही बोललात? गज कापताना समोर उभे होतात, एक शब्द बोलला असता तर मी मशीन बंद केली असती.

एक बस आली, गेली. मग अंकल म्हणाले, पोरग्याने घाम गाळून घर केलं, त्याला म्हाताऱ्याने काय सांगायचं, फाटक्या जाळ्यासाठी खिडकी ठेव? आणि तू पण किती खूश होतीस.

मी त्यांना उठवलं. घरात एकही जाळं नव्हतं. पडवीच्या मागे त्यांच्या स्वतःच्या जुन्या होडीचं एक होतं, उंदरांनी खाल्लेलं, ते ओढून आणलं. माझ्या इटालियन दिसणाऱ्या टाइल्सवर पसरलं, तर वाळू आणि कुबट वास घरभर. आंटी दारात उभ्या राहून बघत होत्या. अंकल म्हणाले, टोक बांधू कशाला, गज कुठंय? मी काचेला पाठ लावून खाली बसले, खिडकी होती त्या जागी, आणि हात पुढे केला. म्हटलं, मला द्या टोक.

त्यांना ते विचित्र वाटलं. पण जाळं समोर पसरलेलं होतं आणि भोकं दिसत होती, आणि तो माणूस पंधरा वर्षं भोकं भरत आलेला. दोन मिनिटं उभे राहिले, मग बसले. पाय पसरले. अंगठ्यात कड धरली. सुई शर्टाच्या खिशातच होती, जाळी परत केली तरी सुई खिशात होती.

मी टोक धरून बसले. नऊ वाजता धरलं असेल. गज कुठल्या उंचीवर होता ते मला मोजून घ्यायचं होतं, आणि ते मोजायला माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. वर घ्या, खाली घ्या असं ते सुरुवातीला खुणेने सांगत होते, मग हात थांबला ती जागा ठरली. त्यांनी ओढलं की माझा खांदा पुढे जायचा, मी परत मागे रेटायचे. अर्ध्या तासात बोटं लाल झाली. एका गाठीला किती ताण लागतो हे मला त्या दिवशी कळलं. मी हात बदलले, मग दोन्ही हातांनी धरलं. ते बोलले नाहीत, मी पण नाही. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प कधी बसले नसेन, आणि मला सांगायला हरकत नाही, बरं वाटत होतं.

अकराच्या सुमाराला काचेबाहेरून कोणीतरी हाक मारली. शेजारचा एक होडीवाला. तो ओटीवर चढला, आत बघितलं, एक बाई गजासारखी बसलीय आणि डॉमनिक जाळं भरतोय. त्याने काही विचारलं नाही. चपला काढून आत आला, अंकलच्या बाजूला टेकला आणि डिझेलच्या भावाबद्दल बोलायला लागला. आंटींनी चहा आणला. माझे हात अडकलेले म्हणून त्यांनीच कप माझ्या तोंडाला लावला.

एक वाजता अंकलनी दोरा तोडला. मी उठायच्या आधी काचेशेजारच्या भिंतीवर, माझ्या हाताच्या रेषेत, पेन्सिलने खूण केली. खांदे दोन दिवस दुखले.

त्याच रात्री नॅथनला मी फोन लावला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लावला, शांत डोक्याने. सगळं सांगितलं. चूक माझी, मी चुकीच्या दिवशी बसले. तो आधी रागावला, मग म्हणाला, पण डॅडी तर स्वतः यायचं म्हणाले. मी म्हणाले, तू कागद भर किंवा नको भरू, तो तुमच्या घरचा प्रश्न. मी फक्त भिंतीला एक कडी ठोकतेय, तुझ्या समुद्राच्या अगदी शेजारी, आणि ती चांगली दिसणार नाही. तो म्हणाला, लावा.

गुरुवारी दशरथला घेऊन गेले. लोहाराकडून बोटभर जाड कडी करून घेतली होती, पॉलिश नाही, रंग नाही. दशरथ कुरकुरत होता, नव्या पेंटमध्ये भोक पाडायला त्याचा जीव होत नव्हता. पेन्सिलच्या खुणेवर ड्रिल लावलं, कडी बसवली, सिमेंट भरलं, वाळायला दुपार गेली. आंटी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या, मुद्दाम हळू घासत होत्या. नॅथनने कागद पाठवले होते, सहीसाठी टीव्हीखाली ठेवलेले मला दिसत होते.

अंकलनी जाळ्याचं टोक कडीत घातलं. गाठ मारली. बसले, पाय पसरले, अंगठ्यात धरलं, ओढलं. कडी हलली नाही. दोन गाठी घातल्या. मग सुई खाली ठेवली आणि कडीकडे बघत बसले.

मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, काही नाही, चांगली आहे.

तोच आवाज होता, गज कापताना होता तोच. हाय, दिसंल. मी त्यांच्यासमोर जाऊन जमिनीवर बसले आणि या वेळी ओरडले नाही. वही बाजूला ठेवली आणि नुसती बसून राहिले. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. दशरथ अवजारं भरायचा थांबला.

अंकलनी मान खाजवली. सुई उचलली, परत ठेवली. आणि मग जरा चिडून, आपल्या घरात माणूस चिडतो तसं चिडून, बोलले.

"खाली झालीय. तू त्या दिशी थकलेलीस, हात खाली आनलास, मी बोल्लो न्हाय. दोन बोटं वर पायजे."

मी दशरथकडे बघितलं. त्याने एक शिवी हिंदीत घातली आणि ड्रिल पुन्हा काढलं. अंकल उठून त्याच्या शेजारी गेले, भिंतीवर बोटं ठेवून हितं म्हणाले, मग जरा सरकवून हितं म्हणाले, मग दशरथला बाजूला करून स्वतःच खूण केली. त्यांची कटकट संपेचना. ड्रिल सरळ धर. सिमेंट पातळ झालंय. ते खालचं भोक बुजव, पण आज नको, आधी हे कर.

मॉली आंटी पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याला बघितलं, टीव्हीखालचे कागद उचलले आणि फोन लावला. तिकडे पहाट असणार, पण त्यांनी बघितलं नाही.

"नॅथन," त्या म्हणाल्या, "झोप तू. आमी न्हाय येत."